परत येणार म्हणे

सल्डान्याच्या माझ्या गॅरेजात सकाळी सकाळी
नेव्हिल प्लायकीस शिंग वाजवतच शिरला,
मासे विकायचं ते पत्र्याचं शिंग.
"ऐकलंस? आपली बक्की, अर्ध्या टनाची,
परत काढणार म्हणे कंपनी!"

त्याची बक्की दारात. हौद्यात बर्फ, बर्फात स्नूक,
चार लाख किलोमीटर,
आणि डाव्या दाराला मुठीऐवजी नायलॉनची दोरी.

असलं 'म्हणे' मी तीन वर्षं ऐकतोय.
ती बंद झाली तेव्हा पाच सांगाडे विकत घेतले,
कुंपणामागे रचले.
त्यांच्यावरच चाललंय माझं:
एकीच्या गिअरबॉक्सवर पोरीची फी,
दुसरीच्या आरशांवर हिवाळ्याचं विजेचं बिल.

नवी आली, तर हे सगळं भंगार.
नाही आली, तर नेव्हिल
एक दिवस शिंग घेऊन पायीच फिरेल.

"परवडेल तुला नवी?"
तो हसला.
"बघायला काय पैसे पडतात?"

मी कुंपणामागे गेलो,
तिसऱ्या सांगाड्याची डावी मूठ काढली,
त्याच्या दाराला बसवली. खट्.
दोरी त्याने खिशात ठेवली. असू दे, म्हणाला.

पैसे?
ती परत आली की बघू.