सातानंतर सहा

माझ्या हातांना पकडायची सवय.
शाळेत सहा वर्षं डावा कोपरा सांभाळला,
घोटा दिसला की झेप, मग दातांत माती.
आणि रुजुताताई म्हणते,
इथे शिवायचंसुद्धा नाही.

तिने तबकडी आडवी धरली
माझ्या आणि फेकणाऱ्याच्या छातीमध्ये.
एवढं अंतर. एक वीत, तीन बोटं.
याच्या आत हात नको, गुडघा नको.
"वेणी?" इल्यासने विचारलं.
"वेणीपण नको."

दोन माणसांमधली मोकळी जागा
कुणी अशी मापून देतं
हे मला माहीत नव्हतं.

देवबागात जागा मुळात कमी.
एकीकडे कर्ली, एकीकडे दर्या,
मध्ये घरं, माड, आणि एक एसटी जेमतेम जाईल एवढा रस्ता.
"तुमचं अख्खं गावच दोघांनी घेरलंय,"
ताई हसली, "हा तर फाऊल."
फेकणाऱ्याच्या तीन मीटरांत आपला एकच गडी.
दुसऱ्याने यायचं ते
स्वतःच्या माणसामागे आला असेल तरच.

बाबांना हे पटेना.
जन्म रापणीत गेलेला माणूस:
दोन्ही टोकांना माणसं लावायची,
ओढत आणायचं, तोंड मिटेपर्यंत.
"येक बाजू उघडी ठेवतास?
मगे मासो ऱ्हवतलो कसो?"

राहत नाही, बाबा.
त्याला जाऊ द्यायचं असतं
आपण ठरवलेल्या वाटेने.

आमचे शब्द दोनच. दर्या, सुरू.
कुणी "दर्या!" ओरडलं
की मी सुरूच्या बाजूला आडवी.
चवड्यांवर वजन, हात पसरलेले,
टाचेखालची वाळू सरकतच असते.
माझ्या पाठीमागे चौघं
अर्धं पाऊल पाण्याकडे झुकून उभे आहेत,
मी सुरूकडून काही जाऊ देणार नाही या भरवशावर.
मला ते दिसत नाहीत.
मी हलले
तर चौघंही चुकीच्या जागी.

रविवारी वेंगुर्ल्याचा संघ आला.
बारा-बारा. खारा वारा.
माझ्यासमोर मेल्विन, ताडमाड,
एक पाय रोवलेला, दुसरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरता.
एक. दोन. तीन.
मोजताना घाई करायची नाही,
दोन आकड्यांमध्ये श्वास मावला पाहिजे.
पाच. सहा. सात.

"डिस्क स्पेस," तो म्हणाला.
ओरडला नाही. वेळ विचारावी तसं.

पंच नसतो या खेळात. शिट्टी नसते.
मी नाही म्हणू शकले असते.
आमच्या घरात नाहीच म्हणतात:
काकांनी गडग्याचा एक चिरा सरकवला
(की आजोबांनी, ते विचारू नका),
सतरा वर्षं मालवणच्या कोर्टात तारखा,
दोन्ही घरांतल्या कुणाच्या तोंडून
"होय, सरकवला" एवढं निघालं नाही.

मी खाली पाहिलं.
माझा अंगठा
त्याच्या टाचेने पाडलेल्या खळग्यात होता.

पाय मागे घेतला.
सात मोजून झाले होते.
"सहा," म्हणाले.

सातानंतर सहा.
कुठल्याच बाईंनी असे पाढे शिकवले नव्हते.
जीभ अडखळली, मग रुळली.
सात.
आठ—

आणि तो फेकून मोकळा झाला,
दर्याकडून, जिकडून जायला सांगितलं होतं तिकडून.
वाऱ्याने तबकडी उचलली, धरून ठेवली,
इल्यास उडाला, बोटभर कमी पडला,
त्यांच्या शर्वाणीने ती झेलली
ओल्या वाळूवर, एका पायावर.

काठीने ओढलेली आमची रेघ
तेवढ्यात लाटेने पुसली.

आत की बाहेर, ते तिनेच सांगायचं.
सगळे थांबले.
होडीच्या सावलीत जाळं विणणारे बाबा
सुई हातात तशीच धरून उठले.
शर्वाणीने आपल्या पायाकडे पाहिलं,
मग जिथे रेघ होती तिथे,
मग, का कोण जाणे,
माझ्याकडे.