आपिया ते पागो पागो

काउंटरवरच्या माणसाने मला टोपलीसकट वजनकाट्यावर उभं केलं.
विमान छोटं आहे, म्हणाला,
कोण कुठे बसणार ते काटा ठरवतो.
एक्क्याऐंशी.
त्यात माझे एकोणसत्तर, बाकी टोपली:
कोकोच्या गोळ्या, उकडलेला तारो,
आणि तळाशी ती बारीक विणीची चटई
जी आमच्याकडे लग्नाला काढतात, नाहीतर.
त्याने चटई पाहिली. काही विचारलं नाही.
खिडकीची जागा दिली.

अंतर म्हणाल तर सव्वाशे किलोमीटर.
वेळ पस्तीस मिनिटं, वारा समोरून असला तर चाळीस.
आणि मधल्या पाण्यावर कुठेतरी
ना बोया ना खूण
अशी एक रेघ आहे.
बुधवारी सकाळी दहाला निघावं,
मंगळवारी दहा पस्तीसला उतरावं.
घड्याळाचे काटे हलवायचे नसतात.
फक्त तारीख एक घर मागे.

आई बुधवारी पहाटे चारला गेली.
लीतिआ मावशी फोनकडे धावली, मी तिचा हात धरला.
पेनिआमिनाला हे फोनवर नको,
तो कॅनरीत रात्रपाळीला असेल,
हातात सुरी, समोर ट्यूना,
आणि तिकडे अजून मंगळवार आहे.
मावशीने बोटं मोजली.
"म्हणजे तिकडे ती..."
वाक्य तिथेच ठेवून ती चुलीकडे गेली.

खाली पाणी इतकं निळं की त्याचा राग यावा.
पलीकडे एक पोरगा चिप्स खात होता.
उतरेपर्यंत त्याची पिशवी संपली,
माझा हिशेब नाही.

दार उघडलं तर पेनी झोपेत, अंगाला मासळीचा वास.
ताई? अशी अचानक? आई काय म्हणते?
तारो आणलाय, म्हटलं. आधी खा.
तो जेवला. पत्र्याच्या गळतीचं सांगितलं,
नव्या मुकादमाची नक्कल केली, स्वतःच हसला,
ऑक्टोबरात येतो म्हणाला, आईला सांग.
एक दुपारभर त्याला आई होती.
देवाला काय म्हणायचं ते म्हणो.

मग भांडी ठेवून त्याने टोपली रिकामी करायला घेतली.
चटईला हात लागला.
हात बराच वेळ तिथेच.
कधी?
बुधवारी. पहाटे चारला.
त्याने भिंतीवरच्या, कंपनीने दिलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं.
"बुधवार तर उद्या आहे,"
म्हणाला, आणि तो आवाज
सात वर्षांच्या मुलाचा होता.

रात्री कुणीच आडवं झालं नाही.
चारला पाच कमी असताना तो बाहेर गेला,
पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला, अनवाणी.
मी मागून शाल घेऊन गेले, पण दिली नाही.
"आत्ता," तो म्हणाला.
मी सांगितलं नाही
की तिकडे गुरुवार लागलाय,
की मावशीने अंगणात जागाही आखून घेतली असेल,
आणि दगडावर कोणता वार घालायचा
हे गवंड्याने विचारलंही असेल.

परतीला आम्ही दोघं.
काट्यावर तो एकटा उभा राहिला, चटई छातीशी धरून.
काउंटरवरच्या बाईने आकडा लिहिला,
परत कधी, तिने विचारलं.
पेनी म्हणाला, कुठल्या कॅलेंडरने?
ती हसली.
हा विनोद तिने रोजच ऐकला असणार.