तिसऱ्या पडद्यामागे

माझा भाऊ हरेश्वर अकरा वर्षं टीव्हीवर होता
आणि हर्णैत कुणी त्याला टीव्हीवर पाहिला नाही.

तो दिसायचा नाहीच. नुसता यायचा.
ढोल घुमायचा, दिवे मंद व्हायचे,
कुठलीशी बाई पदराचं टोक दातात धरायची,
आणि वरून, छपरातून बोलावं तसा
आमचा हऱ्या बोलायचा:
तिसऱ्या पडद्यामागे आहेऽऽ
आणि थांबायचा.

ते थांबणं त्याचं नव्हतं. बाबांचं होतं.
बंदरावर लिलाव बोलायचे बाबा,
पायांशी सरंग्याची पाटी, भोवती दलाल,
सातशे एक वार, सातशे दोन वार,
आणि तिसऱ्याच्या आधी खोकायचे.
खोकला त्यांना कधीच नव्हता.
पण तेवढ्यात कुणीतरी वीस रुपये चढवायचा.
हऱ्यानं ती उबळ आधी पाजपंढरीच्या क्रिकेटला नेली,
मग मुंबईला,
आणि तिच्यावर गोरेगावात अर्धी खोली घेतली.

शेवटी पडद्यावर नावं सरकायची
तेव्हा तो एका दमात काहीतरी म्हणायचा,
जाळ्यातून बोईट निसटावं इतकं भरभर:
कार्यक्रमाशी संबंधित व्यक्तींच्या नातेवाइकांना
स्पर्धेत भाग घेता येणार नाही.
आई विचारायची, काय म्हणाला गो?
मी म्हणायचे, आपल्याला म्हणाला.

फ्रिज मी मोजले नाहीत. आईनं मोजले,
दाराच्या मागे, कोळशाच्या रेघांनी.
दोनशे चौदा.
सांगलीच्या बाईला एक, धुळ्याच्या मास्तरांना एक,
एक तर अशा माणसाला
ज्याच्या घरी आधीच दोन होते, हसत सांगत होता.
आमच्याकडे थर्माकोलची पेटी,
कारखान्यातला बर्फ, दुपारपर्यंत पाणी.

मग एक दिवस त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं
आणि आकडे म्हणवून घेतले. एक ते हजार.
गावांची नावं. वस्तूंची नावं.
'आहेऽऽ' सात तऱ्हांनी.
संध्याकाळी चहा दिला, पाकीट दिलं, शाल दिली.
त्यानंतर हऱ्याची गरज पडली नाही,
आवाजाची पडत राहिली.

रात्रीच्या एसटीनं आला. शाल पिशवीत.
पोरं म्हणाली, काका, एकदा बोला ना.
नाही बोलला.
बंदरावर जातो, चारच्या लिलावाला,
लाटेच्या रेघेवर उभा राहतो, चपला हातात,
सुवर्णदुर्गाकडे तोंड करून,
जसा कुणी तिथून उत्तर देणार आहे.
लहानपणी तिकडे ओरडायचा, आवाज परत येतो का बघायला.
यायचा नाही. मध्ये पाणी आहे, मी सांगायचे.

गेल्या मंगळवारी जुलेखाबीची पाटी पडत्या भावात चालली होती.
दलाल तिसऱ्यावर आला
आणि हऱ्या खोकला.
फक्त खोकला.
सगळे वळले. एकानं चाळीस चढवले.
घरी आला तेव्हा हातात पिशवी,
पिशवीत दोन बांगडे. जुलेखाबीनं दिलेले.
ओट्यावर असे ठेवले की मला वाटलं
आता ढोल वाजेल.

दुपारी जुने भाग परत लागतात.
तो जेवतो, आणि त्याचाच आवाज
नाशिकच्या कुणा वहिनींना फ्रिज देतो.
भात कालवता कालवता तो मान वर करत नाही.

माझा फ्रिज भिशीचा. चिठ्ठी निघाली
ती आई गेल्यानंतरच्या मार्चात.
सोलकढी काढायला मी दार उघडते,
टीव्हीत तो म्हणतो, आहेऽऽ
आणि थांबतो,
आतला दिवा लागतो:
कालची आमटी, अर्धं लिंबू,
वाटीवर झाकलेली ताटली, दोन बांगडे.
मी उगाच उभी राहते.

दार लाव, म्हणतो माझा भाऊ,
तोंडात घास,
बिल येतं.