वापरात आहे

सव्वासात. बॅलार्ड पियरचे रस्ते
ऑफिसं सुटली की असे रिकामे होतात
की सिग्नल कुणासाठी बदलतोय, त्यालाही कळत नसावं.
दुसऱ्या मजल्यावर मी, एक कॉम्प्युटर,
आणि वायरीच्या टोकाला
साबणाच्या वडीएवढी काळी हार्ड डिस्क.
तिचा दिवा लुकलुकतोय, बंदरातल्या बोयासारखा:
इथे खडक आहे, इथे खडक आहे.

उद्या सकाळी टेम्पो. कपाटं चोर बाजारात,
कॉम्प्युटर भंगारात, डिस्क वकिलाकडे.
बेहरामशेठ जाताना म्हणाले,
"तेवढा काम करून टाक नी, चारूबाई, मग सुटली तू."

तेवढं काम म्हणजे
खाली उजवीकडची खूण, तिच्यावर टिचकी, काढा.
उत्तर आलं: साधन वापरात आहे.
चालू प्रोग्राम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

एक्सेल बंद केलं. टॅली बंद केलं.
कॅल्क्युलेटर उघडा होता, तोही मिटला,
जणू तोच बसला होता पाय धरून.
पुन्हा टिचकी. वापरात आहे.
कोण वापरतंय?
सव्वीस वर्षांत या हिशेबांना
माझ्याशिवाय कुणी हात लावला नाही.

नेरूळला भाच्याला फोन केला.
शार्दूल म्हणाला, "मावशी, ओढून काढ गं सरळ.
काही होत नाही."
काही होत नाही म्हणणाऱ्यांची
बिलं मी आयुष्यभर जुळवत आले आहे.

मग त्यानंच सांगितलं, तीन बटणं एकदम दाब,
कोण काय करतंय त्याची यादी येईल.
आली. सगळी नावं परकी.
हजेरीपटावर कधीच न चढलेली माणसं
आपल्याच पेढीत वर्षानुवर्षं राबत असावीत, तशी.
शोधत शोधत खाली गेले
आणि सापडला: व्हायरस तपासणारा.
दर जानेवारीत शेठ कुरकुरत ज्याचे पैसे भरायचे, तो.
डिस्कमध्ये उतरून
एकेक फाइल उघडून वाचत बसला होता.

नाव दिसेतो पुढचं येई. आतलं मला पाठ.
कांदे-बटाटे, एम. व्ही. कोरलिया, डिसेंबर.
मनिला दोर, अठरा गुंडाळ्या.
कप्तानासाठी आंब्याचं लोणचं, दोन बरण्या, बिल करू नये.
परेरा ॲडव्हान्स. परेरा गेला,
ॲडव्हान्स आम्ही तसाच पुढे ओढत राहिलो.
फायनल. फायनल दोन. आता खरंच फायनल.
ज्या बोटींचं लोखंड अलंगला वितळून
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसलं,
त्यांची चहापत्ती, त्यांचे बल्ब, त्यांचे साबण
तो वाचत होता,
न कंटाळता, एकदाही चष्मा न पुसता.

"एंड टास्क" असं बटण होतं. त्यावर बाण नेला.
शार्दूल तिकडून, "दाब ना."
म्हटलं, ठेव तू फोन.

वकील हिला ड्रॉवरमध्ये टाकेल.
हिच्यावर दुसरं काहीतरी टाकेल.

डब्यात अर्धी पोळी उरली होती, ती खाल्ली.
रामसजीवन एकेक दिवा मालवत वर आला.
"मॅडम, कितना टाइम?"
म्हटलं, वाचून होऊ दे त्याचं.
कुणाचं, ते विचारलं नाही. जिन्यात बसला, तंबाखू मळत.

आठ चाळीस. फाइली एकेचाळीस हजार दोनशे सहा.
धोके आढळले: शून्य.

शून्य. परेराचा ॲडव्हान्स धरून.

टिचकी. आता साधन सुरक्षितपणे काढता येईल.
वायर मुकाट सुटली. डिस्क कोमट लागली,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

गेटवर नियम तो नियम.
रामसजीवननं पिशवी उघडायला लावली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तीही ओशाळून.
रजिस्टरात लिहिलं: टिफिन एक. छाता एक.
मग पेन थांबलं. "ये क्या लिखूँ?"

सांगणार होते. पण रकाना दोन बोटांचा.
त्यानंच लिहून टाकलं,
काला डिब्बा, एक.
मी समोर सही केली.