पाळी

ताईला फोनवर सांगितलं, घर राणीच्या बागेसमोर आहे,
तर ती म्हणाली, मग खिडकीतून हत्ती दिसत असेल.
नाही गं. इथल्या राणीच्या बागेत पिंजरे नाहीत.
एक तळं आहे, तळ्यात हंस,
हंसांना पाव घालू नका अशी पाटी,
आणि पाटीला टेकून पाव घालणारा म्हातारा.
जिच्या नावाची बाग, ती राणी
टेकडीपलीकडची लढाई पाऊण तासात हरली
आणि घोड्यावरून पळाली.
ग्लासगोनं तरी नाव तिचंच ठेवलं.
मला तेवढ्यावरच गाव पटलं.

सत्तावीस वर्षं झाली.
तांबड्या दगडाची इमारत, आठ बिऱ्हाडं,
जिन्याला छातीपर्यंत हिरव्या टाइल्स,
पायऱ्या मधोमध झिजलेल्या, सहाणेसारख्या.
पुढच्या बुटक्या भिंतीवर लोखंडाचे खुंट:
कठडा महायुद्धात कापून नेला,
परत आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
दर दोन वर्षांनी कौन्सिलचं पत्र येतं
की ही पेठ ऐतिहासिक आहे, खिडक्या बदलू नयेत.
ऐतिहासिक म्हणजे
जानेवारीत घरातल्या घरात कानटोपी.

आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात
दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकलेलं:
जिना धुण्याची पाळी तुमची.
मी उंबऱ्यात उभी राहून एकटीच हसले.
माझी थांबली त्याच वर्षी
ही सुरू झाली.

कार्ड लावणारी सेंगा गॅलब्रेथ, तळमजला डावीकडे.
तिनं मला बादली धरायला शिकवलं, या वयात.
वरून खाली धुवायचं. कडेला ब्लीच.
खालून वर धुणारी एक बाई म्हणे होऊन गेली,
तिचं नाव सेंगा शेवटपर्यंत उच्चारत नसे.
रविवारी आम्ही बागेत झेंड्याच्या खांबापर्यंत चढायचो.
आभाळ उघडं असलं तर उत्तरेला डोंगर.
ती एकेकाचं नाव सांगायची, मी घरी येईतो विसरायचे,
मग मीच डोंगरांना नावं ठेवली,
म्हणजे खरीच नावं, पाळण्यातल्यासारखी.
एकाचं बंडोपंत. तो कायम ढगात.

मी ज्या इस्पितळात रक्तं तपासली
त्याचेही आता फ्लॅट झालेत, जिम आहे त्यात.
बागेतली काचेची घरं कुलपात.
फेब्रुवारीत सेंगाचा मुलगा आला
आणि तिला समुद्राकाठच्या कुठल्या होममध्ये घेऊन गेला.
कार्ड तिच्याच मुठीला होतं.
तीन आठवडे तसंच.
आठ बिऱ्हाडांतलं कुणी हात लावेना.
जिन्यात चिखल, कुत्र्यांच्या पावलांची नक्षी,
बागेतून आलेली ओली पानं.
मग एका रात्री मीच तिची पाळी धुऊन टाकली,
चोरी करावी तशी, दिवा न लावता.

एप्रिलमध्ये तिच्या घरात स्लोव्हाकियाचं कुटुंब आलं.
पाच माणसं, सोफे दोन, एक अकॉर्डियन.
तिसऱ्या मजल्यावरचे मिस्टर अर्कहार्ट म्हणाले, जिप्सी,
आणि दार लावून घेतलं.
मी कार्ड त्यांच्या मुठीला अडकवलं.
दुसऱ्या दिवशी त्यांची डारिना, नऊ-दहा वर्षांची,
ते घेऊन वर आली:
तुमचं पडलं होतं खाली.

आता हिला काय सांगायचं.
मी बादली भरली, कुंचा तिच्या हातात दिला,
आणि दोघी सर्वात वरून निघालो.
दुसऱ्या मजल्यावर माझा गुडघा बोलायला लागला.
तळाशी तिचा धाकटा भाऊ मोजे घालून
थेट ओलाव्यात येऊन उभा राहिला,
तशी ती ओरडली, पानी!

मी जिन्यात बसले.
पुन्हा म्हण, म्हटलं.
तिला वाटलं मी रागावले.
हळूच म्हणाली, पानी,
आणि बादलीकडे बोट केलं,
मला इंग्रजी कमी येतं असं समजून.