शिल्लक

खारघर, सेक्टर बारा, तळमजला.
खिडकीला जाळी, जाळीत एक हात मावेल एवढं भोक.
आत मी. माझ्यामागे लोखंडी कपाट,
त्याला दोन कुलपं. एक किल्ली माझ्या कमरेला,
दुसरी कुरियन सिस्टरांच्या गळ्यात, क्रॉसशेजारी.

अठ्ठावीस वर्षं फौजेत औषधं मोजली.
लेहला इंजेक्शनांचे डबे गोठू नयेत म्हणून
रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचो.
बायको म्हणायची,
मला कधी एवढं जपून जवळ घेतलं नाहीत.

तिथे दुखणं विचारलं की जवान सावधान व्हायचा.
कुछ नहीं, साब.
एकाचा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता,
तोही पडल्या पडल्या हेच म्हणाला.
मी लिहिलं: तक्रार नाही.
खाली सही माझी आहे.

इथे डॉक्टर विचारतात, शून्य ते दहा, किती?
दिवाळे गावच्या नामीबाय सांगायच्या, तीन.
दर बुधवारी तीन.
पण जाळीतून हात यायचा तेव्हा
मुठीत रिक्षाचे पैसे
आणि नखं तळव्यात रुतलेली.
गिऱ्हाइकाला चढा भाव सांगून
मग हळूहळू खाली येणारी बाई,
दुखण्याचा भाव तेवढा आधीच पाडून सांगायची.

म्हटलं, बाय, खरा आकडा सांगा,
मला मोजावं लागतं.
त्या म्हणाल्या, आज दहा सांगितलं
आन उद्या त्याच्यावर गेलं,
तर म्होरला आकडा कुटून आनू?

मी चष्मा पुसला.
डॉक्टरांच्या दाराशी जाऊन म्हणालो, तीन नाही, सर. आठ तरी असतील.
फार्मासिस्टने हे सांगायचं नसतं.

मॉर्फिन, दहा मिलिग्रॅम,
दर चार तासांनी एक, झोपताना दोन.
मुलगा, काशिनाथ, कुजबुजला: सवय लागंल का?
लागू दे, म्हटलं. झोपेची लागेल.

मग एकदा तो शुक्रवारी आला.
बुधवार नसताना येणारी माणसं
मला लांबूनच ओळखू येतात.
बिस्किटांच्या पुड्याच्या कागदात
एक अख्खी पट्टी
आणि कात्रीने कापलेली एक गोळी.
मी तरीही मोजल्या. अकरा.
दिवसाला सहा, म्हणजे
दोन दिवसांना एक कमी.

रजिस्टर उघडलं. जमा, अकरा.
कारण, रुग्ण मृत.
लाल शाई, दोन सह्या.
काशिनाथ जात नव्हता.
म्हणाला, आई बोलली व्हती शेवटाला,
जालीवाल्याला सांग, आज दोन.
खरे दोन.

त्यासाठी रकाना नाही.
समासात पेन टेकवलं, शाईचा ठिपका पडला,
तो तसाच ठेवला.
ऑडिटवाला विचारेल तेव्हा बघू.

सिस्टरांनी त्यांचं कुलूप लावलं, मी माझं.
वळलो तर जाळीतून हात आत आलेला,
टोकन चौदा.
मेंदी अजून ताजी.