अंगठा

कॉलेजातलं हजेरीचं यंत्र
माझा अंगठा घेत नाही.
लाल दिवा. पुन्हा लावा. परत लाल.
मागून एक पोर म्हणते,
मावशी, ओढणीला पुसा ना जरा.

पुसून काय होणार, बाई.
अकराव्या वर्षापासून विड्या वळल्या,
साखर पेठेत, हजाराच्या हिशोबानं.
पानांनी रेषा नेल्या, तंबाखूनं वास ठेवला.
शेवटी क्लार्क वही पुढे सरकवतो:
गड्डम नागमणी, सही.

हात धुण्याच्या सात पायऱ्या मी पाठ म्हटल्या
तेव्हा सासू म्हणाली,
आता भाकरी थापशील की नाही?
पण रात्री शेजारचे माग थांबले
की तीच मनगट पुढे करते, निमूट.
घड्याळ मुलाचं, मागून घेतलेलं.
बहात्तर. पुन्हा मोजते. चौऱ्याहत्तर.
एक काय ते सांग, ती तेलुगूत करवादते.

काल सिव्हिलमध्ये, मे महिन्याची दुपार,
नऊ नंबरला ऊन लागलेली म्हातारी.
शीर सापडेना.
दोनदा टोचून झाल्यावर बिराजदार सिस्टर म्हणाल्या,
तू बघ गं.
मी देवाचं नाव घेतलं नाही.
नुसतं बोट फिरवलं,
कात्री लावण्याआधी पानाची शीर चाचपतात तसं.
होती. कोपराच्या खाली, दोऱ्याएवढी.

आज सकाळी यंत्र पुन्हा लाल.
क्लार्क विचारतो, दुसरं बोट लावून पाहिलं का?
दहाही पाहिली, म्हटलं,
आणि वही ओढून घेतली.